जुनं युंके कधी सोडायचं

२ सप्टेंबर, सोमवार

आज ठरवून टाकलं. ताइपाची सहावी आवृत्ती १ नोव्हेंबरला निघेल आणि ती युंके ३ वर चालणार नाही.

कारणं इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर शोधत बसायला नको. ताइपा हा पाटातल्या पाण्याची पातळी वाचून दार उघडणारा आणि मिटणारा प्रोग्रॅम आहे. फुकट आहे, कोड सगळ्यांना खुला आहे. युंके हे त्या कोडमधून चालता प्रोग्रॅम घडवणारं अवजार. युंकेची पाचवी आवृत्ती येऊन चार वर्षं झाली आणि आम्ही अजून तिसरीला सांभाळून घेतोय. त्यासाठी कोडमध्ये अकरा ठिकाणी आडवाटा काढून ठेवल्या आहेत. प्रत्येक बदल दोनदा तपासायचा. गेल्या वर्षी मी ताइपाला चारशे दहा तास दिले, त्यांतले एकशे साठ या अकरा जागांनी खाल्ले. नोकरी संपल्यावरचे तास, रविवारचे तास. मोजून लिहिते, कारण मोजलं नाही की लोक त्याला चिडचिड म्हणतात.

दुसरा आकडा. सहा महिन्यांत ताइपा एकतीस हजार चारशे वेळा डाउनलोड झाली. युंके ३ साठी त्यांतले दोनशे बारा. म्हणजे शून्य पूर्णांक सात टक्के.

सांभाळणारे आम्ही तिघं. मी, यामांडू सिल्वेरा आणि नेल्सन बिदेगाइन. प्रोफेसर बिदेगाइननी सोळा वर्षांपूर्वी ताइपा सुरू केली. मी त्यांची विद्यार्थिनी. तीन मतं आहेत, मतदान ६ ऑक्टोबरला. यामांडू माझ्या बाजूने आहे. प्रोफे नसतील.

५ सप्टेंबर

काल दुपारी चर्चेच्या पानावर निवेदन टाकलं. नऊ ओळी. संध्याकाळपर्यंत चौदा उत्तरं आली. तेरा जणांनी 'सुटलो एकदाचे' अशा अर्थाचं लिहिलं. चौदावं इथे उतरवून ठेवते:

'इंजिनियर बाई, ही तारीख कोणी काढली? नोव्हेंबरच्या मध्यावर, उन्हाळा लागताना, आम्ही भाताला पाणी सोडतो. एकदा सोडलं की मार्चपर्यंत कोणी कशाला हात लावत नाही. आमच्याकडे त्रेसष्ट दारं आहेत आणि त्रेसष्टही युंके ३ वर. तुमचं युंके ५ आमच्या चिपसाठी प्रोग्रॅम घडवतच नाही. सात आठवडे सलग चाललं की पातळीचा आकडा थिजतो आणि दार उघडं ते उघडंच राहतं, हे मी जानेवारीत लिहिलं होतं. ते राहिलं बाजूला, आता आम्हालाच बाहेर काढताय. एल्बिओ तेचेरा, पासो ओंदो पाट संस्था, त्रेन्ताइत्रेस.'

मी लिहिलं की तो दोष सहाव्या आवृत्तीत दुरुस्त झाला आहे.

त्याचं उत्तर: 'सहावी आमच्या यंत्रावर चालणार नाही, हे आत्ताच सांगितलं. तुम्ही फक्त लिहिता की वाचताही?'

मी विचारलं, यंत्र दर आठवड्याला बंद करून चालू का करत नाही.

'कारण बंद केलं की दाराचं माप पुसलं जातं, आणि ते परत लावायला पाट कोरडा लागतो. जानेवारीत पाट कोरडा केला तर भात कोण वाचवणार, तुमचं शून्य पूर्णांक सात?'

याला उत्तर दिलं नाही. उपहासाला उत्तर द्यायचं नाही असा माझा नियम आहे.

९ सप्टेंबर

प्रोफेंच्या घरी गेले. त्यांनीच बोलावलं होतं. मातेचा, म्हणजे नळीने ओढायच्या कडू पानांच्या चहाचा, थर्मास काखेत धरून दार उघडलं, नेहमीसारखं, आणि बसायच्या आधीच विचारलं, "तो आकडा कुठून आणलास?"

"सर्व्हरवरून."

"सर्व्हरला काय दिसतं?"

"कोण येऊन घेऊन गेलं ते."

"हं," म्हणाले आणि माते भरत राहिले. हा 'हं' मी चार वर्षं वर्गात ऐकलाय. त्यात काही नसतं. समोरच्याला अस्वस्थ करायची ती एक पद्धत आहे.

"सोडायचं तर आहेच, माइते. मी कधी नाही म्हटलंय? मी फक्त विचारतोय, कधी."

"तुम्ही सोळा वर्षं तेच विचारताय."

"तू कधी गेलीयस का तिथे? दाराशी?"

"प्रोफे, कोड चालतो की नाही ते बघायला दाराशी जावं लागत नाही. त्यासाठी चाचण्या असतात. मीच लिहिल्यात."

त्यांनी माते पुढे केला. पाणी कोमट झालं होतं. मी एकदा ओढून परत दिला आणि आभार मानले, म्हणजे आता पुरे. ते समजले. जिन्यापर्यंत सोडायला आले नाहीत.

१४ सप्टेंबर

तेचेराच्या 'त्रेसष्ट दारां'चा पडताळा घेतला. सर्व्हरच्या नोंदी दोन वर्षांच्या आहेत. त्रेन्ताइत्रेस प्रांतातून युंके ३ साठी ताइपा किती वेळा डाउनलोड झाली? एक. मागच्या वर्षी, १८ ऑगस्टला.

पानावर टाकलं: 'ज्या संस्थेची त्रेसष्ट दारं ताइपावर चालतात, तिने दोन वर्षांत ताइपा एकदा डाउनलोड केली आहे. एकदा.'

शेवटचा शब्द नको होता. पण चूक नव्हता.

यामांडूचा लगेच फोन आला. हसत होता. "बाई गं, म्हाताऱ्याला उभा चिरलास. आता तो त्रेसष्टचे सहा करेल बघ."

"तो म्हातारा आहे हे तुला काय माहीत?"

"जो माणूस चर्चेच्या पानावर शेवटी नाव-गाव लिहून सही करतो, तो साठच्या खाली असूच शकत नाही."

दोन तासांत एक्काहत्तर जणांनी हसरे चेहरे टाकले. 

२० सप्टेंबर

या आठवड्यात आलेली पत्रं: एकोणीस. त्यांतली चार कामाची. बाकी पंधरांपैकी सातांत मला 'पोरगी' म्हटलंय, तिघांना माझं लग्न झालंय का याची काळजी आहे, आणि एकाने माझ्या कंपनीला कळवायची धमकी दिली आहे. काय कळवणार ते लिहिलेलं नाही. बहुतेक जण भाताशी काही संबंध नसलेले. कुठेही भांडण दिसलं की बाकडं घेऊन बसणारे.

झोप नीट लागते. फक्त जबडा दुखतो.

२६ सप्टेंबर

आज तेचेराने एक गाठोडं पाठवलं. मागच्या हंगामात आकडा थिजला तेव्हाच्या यंत्रांच्या नोंदी, त्रेसष्ट फायली. सोबत एकच ओळ: 'ही घ्या दारं. मोजा.'

मोजली. चार ओळींचा प्रोग्रॅम लिहून प्रत्येक फायलीची पहिली ओळ काढली. त्या ओळीत प्रोग्रॅम कधी घडवला त्याची तारीख आणि वेळ असते. त्रेसष्टच्या त्रेसष्ट फायलींत तीच: १९ ऑगस्ट, सकाळी ०७:१२.

तीनदा तपासलं. कुठेही गेलं तरी यंत्र नवा कोड स्वतः ओढून घेतं आणि जागच्या जागी घडवतं. दोन यंत्रांची वेळ मिनिटभर तरी पुढेमागे होते. त्रेसष्ट यंत्रांवर एकच मिनिट येणं शक्य नाही. म्हणजे एका यंत्राची नोंद घेतली आणि तिच्या बासष्ट प्रती काढल्या.

पानावर लिहिलं: 'पाठवलेल्या त्रेसष्ट नोंदी एकाच नोंदीच्या प्रती आहेत. पुरावा खाली. बनावट पुराव्यावर चर्चा करण्याची माझी तयारी नाही.' खाली त्रेसष्ट ओळी चिकटवल्या.

समाधान वाटलं. तेही लिहून ठेवते.

२९ सप्टेंबर

पानावर तेचेराला लोक फाडून खातायत. 'त्रेसष्ट' हा शब्द आता चेष्टेचा झाला आहे. कोणीतरी म्हणतं, माझ्या घरी त्रेसष्ट मांजरी आहेत, सगळ्या एकाच मिनिटाला जन्मलेल्या. मी कोणाला थांबवलं नाही. ते माझं काम नव्हे.

प्रोफेंची एक ओळ आली, पानावर नाही, मला एकटीला: 'पातळीचे आकडे बघितलेस का?'

किती संथपणे बोचतात.

२ ऑक्टोबर

प्रोफेंना उत्तर देता यावं म्हणून फायली पूर्ण उघडल्या. संध्याकाळी सहापासून दहापर्यंत वाचल्या.

पातळ्या वेगळ्या आहेत. यंत्रांचे क्रमांक वेगळे आहेत. ९ जानेवारीला चौदाव्या दाराची पातळी त्रेचाळीस सेंटिमीटरवर थिजली, पंधराव्याची अडतीसवर, तीन तासांनी. एकाच पाटावर वरून खाली जावं तसा तीन तासांचा फरक. दोन ठिकाणी दार हाताने ओढल्याचे धक्के नोंदीत उमटले आहेत. हे बसून कोणी रचू शकत नाही. मी रचू शकणार नाही.

दाराशी नेट पोचत नाही. एवढंच आहे ते. संस्थेच्या ऑफिसात १८ ऑगस्टला कोड एकदा उतरवला, दुसऱ्या दिवशी सकाळी सात बाराला एकदा घडवला, आणि तो एक प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घालून त्रेसष्ट दारांशी नेला. म्हणून डाउनलोड एक. म्हणून वेळ एक.

म्हणजे ते दोनशे बारा हा वापरणाऱ्यांचा आकडा नाही. दोनशे बारा वेळा कोणीतरी सर्व्हरच्या दारात येऊन गेलं, एवढंच त्यातून कळतं. प्रत्येकाच्या मागे किती आहेत ते मला माहीत नाही. शून्य पूर्णांक सात या आकड्याला काही अर्थ नाही. तो मी नऊ ओळींच्या निवेदनात दोनदा वापरला आहे.

तेचेराला मी खोटारडा म्हटलं. शब्द तो नव्हता, अर्थ तोच होता.

३ ऑक्टोबर

दुपारच्या सुट्टीत यामांडूला भेटले. त्याने चिवितो सँडविच मागवलं होतं. ऐकता ऐकता खाणं थांबवलं नाही.

"बरं. मग?"

"मग लिहावं लागेल."

"लिही ना. पण मतदान सहाला आहे. तू सातला लिही."

"का?"

"कारण आज लिहिलंस तर ती सगळी बाकडेवाली मंडळी तुझ्यावर उलटतील. तुझी एक चूक सापडली की तुझं काहीच खरं धरणार नाहीत. अकरा आडवाटा खोट्या आहेत का? एकशे साठ तास खोटे आहेत का?"

"नाहीत."

"मग निर्णय बरोबरच आहे. फक्त एक कारण चुकलं. चार दिवसांनी कारण दुरुस्त कर. भात कुठे पळून जात नाही."

त्याच्या बोलण्यात तर्काची चूक सापडली नाही. न लिहिता घरी आले.

६ ऑक्टोबर, रविवार

मतदान. दोन विरुद्ध एक. ठराव मंजूर.

यामांडू: 'बाजूने.'

मी: 'बाजूने.'

प्रोफे: 'विरोधात. कारण माइतेला माहीत आहे.'

हे पानावर, सगळ्यांसमोर. लोकांनी विचारलं, कोणतं कारण. प्रोफेंनी पुढे काही लिहिलं नाही. मीही नाही. त्यांना बोलायचं होतं तर स्वतः बोलायचं. हा आव कशाला.

७ ऑक्टोबर

आज लिहायचं होतं. नोकरीवर उशीर झाला. उद्या.

९ ऑक्टोबर

तेचेराने लिहिलं. त्याच्या आधीच्या प्रत्येक पत्रात तीन-चार चुका असायच्या. यात एकही नाही. कोणाकडून तरी तपासून घेतलं असावं.

'काल संस्थेच्या बैठकीत तुमचं लिखाण मोठ्याने वाचलं गेलं. तेवीस वर्षं मी दारं सांभाळतो. काल पहिल्यांदा मला उभं करून विचारलं की खरं काय ते सांग. मी सांगितलं. काहींना पटलं, काहींना नाही. १५ नोव्हेंबरला पाणी सुटेल, दुरुस्तीसह किंवा तिच्याशिवाय, आणि जानेवारीत आकडे थिजले की माझी माणसं मागच्या वर्षीसारखी दाराशी रात्रंदिवस पाळ्या करतील. या पानावर मी पुन्हा लिहिणार नाही.'

चार वेळा वाचलं. सात दिवस. मला माहीत झाल्यापासून सात दिवस झाले होते. बैठक काल झाली. मी तीनला लिहिलं असतं तर बैठकीत ते वाचलं गेलं असतं.

१० ऑक्टोबर

सकाळी नोकरीवर जायच्या आधी टाकलं:

'२६ सप्टेंबरचं माझं विधान चूक आहे. त्रेसष्ट नोंदी खऱ्या आहेत आणि वेगवेगळ्या यंत्रांच्या आहेत. मी प्रत्येक फायलीची फक्त पहिली ओळ वाचली होती. शून्य पूर्णांक सात हा आकडाही वापरणाऱ्यांची संख्या दाखवत नाही. हे मला २ ऑक्टोबरला कळलं. ६ ऑक्टोबरचं माझं मत मी मागे घेते. एल्बिओ तेचेरा यांची माफी मागते.'

'२ ऑक्टोबरला कळलं' हे वाक्य लिहायची गरज नव्हती असं यामांडूचं म्हणणं. तो ओरडला नाही, पण बराच वेळ बोलला. "तुला कोणी विचारलं होतं तारीख? स्वतःच्या गळ्यात स्वतःच दोर घालतेस आणि वर गाठ नीट बसली का ते बघतेस. आणि मी? मी सांगितलं होतं सातला लिही म्हणून. आता मीही त्यात आलो."

"तुझं नाव कुठेही लिहिलेलं नाही."

"मेहेरबानी."

पानावर आता माझी पाळी. एक्काहत्तर हसऱ्या चेहऱ्यांपैकी चोपन्न तेच लोक आहेत, नावं जुळवून पाहिली. प्रोफेंकडून काही नाही. तेचेराकडूनही नाही. त्याने लिहिणार नाही म्हटलं होतं, आणि तो शब्द पाळतो असं दिसतं.

१९ ऑक्टोबर

थिजण्याची सहाव्या आवृत्तीतली दुरुस्ती ताइपाच्या पाचव्या आवृत्तीत, युंके ३ साठी, मागे नेली. अडतीस ओळी. मी साठ तासांचा अंदाज धरला होता. नऊ लागले. हा आकडा मला आवडला नाही.

२१ ऑक्टोबर

संस्थेच्या फोनवर तेचेराला गाठलं. आवाज अपेक्षेपेक्षा बारीक आहे.

मी म्हटलं, दुरुस्ती तयार आहे, पाठवते.

"पाठव. आणि ती माफी?"

"ती पानावर आहे."

"इथे ते पान कोण वाचतं? माझ्यावर शिक्का बसला तो शेडमध्ये, अकरा माणसांसमोर. तुझं खोटं मोठ्याने वाचलं होतं. खरं पण मोठ्याने पाहिजे. येतेस का?"

"त्याने दुरुस्तीत फरक पडत नाही."

"पडतो. तू दिलेलं यंत्रात घालायचं की नाही, हे ती अकरा माणसं ठरवणार."

शनिवारची बस काढली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

बसमध्ये पावणेपाच तास. स्टँडवर तेचेरा पिकअप घेऊन उभा होता. साठीचा, बुटका, डोक्यावर काळी बेरे टोपी. हात पुढे केला नाही, मीही नाही. अर्ध्या वाटेत एकदा बोलला.

"गाडी लागते का तुला?"

"नाही."

"मग काच वर कर. धूळ येते."

दोन्ही बाजूंना पेरलेली खाचरं, बांधांच्या वळणदार रेघा, पाट अजून कोरडे. शेडमध्ये पत्र्याखाली अकरा पाटकरी बसले होते. माते हातोहात फिरत होता. माझ्यापर्यंत आला की मला वळसा घालून पलीकडच्या माणसाकडे जायचा. तीनदा. मोजलं.

तेचेरा म्हणाला, "ही ती. बोल."

मी सांगितलं. फायली खऱ्या होत्या. मी फक्त पहिली ओळ वाचली होती आणि त्यावरून एल्बिओ तेचेरांना खोटं ठरवलं. चूक कळल्यावर आठ दिवस गप्प बसले.

"पहिलीच ओळ?" एकाने विचारलं.

"पहिलीच."

"एका फायलीत किती असतात?"

"चार हजारांच्या आसपास."

दुसरा म्हणाला, "आमच्यात पहिलं दार बघून घरी जाणाऱ्याला दुसऱ्या दिवशी कामावर घेत नाहीत." कोणी हसलं नाही. त्याने ते विनोद म्हणून सांगितलंच नव्हतं.

"आठ दिवस का?" हे तेचेराने विचारलं.

"मतदान व्हायचं होतं."

"जिंकलीस?"

"हो."

"मग तुझं बरोबरच होतं," असं म्हणून त्याने मातेत पाणी ओतलं.

सगळ्यांत वयस्क सोइलो नावाचे होते. त्यांनी विचारलं, "मग आता आमचं जुनं कधी काढणार?"

याची तयारी मी बसमध्ये केली होती. म्हटलं, नवीन सोयी सगळ्या सहाव्या आवृत्तीत जातील आणि ती युंके ३ वर चालणार नाही, ते बदलणार नाही. पण पाचवी मी बाजूला जिवंत ठेवीन. तिच्यात नवं काही येणार नाही. दार बिघडेल अशा चुका तेवढ्या दुरुस्त करून देईन. कापणी झाल्यावर, मेपर्यंत.

"नवं मागितलंय कोणी," तेचेरा म्हणाला.

सोइलो म्हणाले, "कोणत्या वर्षीच्या मेपर्यंत?"

"पुढच्या."

"पोरी, यंत्र बदलायचं तर पाट कोरडा पाहिजे. कापणीनंतर पावसाळी थंडी. पिकअप बांधावर जात नाही. घोड्यावर न्यावं लागतं. नव्या यंत्राचं माप पहिल्यापासून लावायला एका दाराला आठवडा जातो. मन लावून केलं तर वर्षाला किती होतील, एल्बिओ?"

"नऊ. सगळं चांगलं गेलं तर."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मनात भागाकार केला आणि तो बरोबर आहे का ते पुन्हा केला.

"सात वर्षं," मी म्हटलं.

"आता मोजलंस," तेचेरा म्हणाला.

त्याने हात पुढे केला. मला वाटलं, शेवटी हात मिळवतोय. त्याला दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह हवा होता.

परतीच्या बसला दोन तास होते. स्टँडवर सोडून तो लगेच गेला.

२ नोव्हेंबर

सहावी आवृत्ती काल निघाली, युंके ३ शिवाय. पाचवी जिवंत ठेवायच्या अटीवर मी माझं मत पुन्हा बाजूने दिलं होतं. निवेदनाच्या खाली मी एक ओळ जोडली: 'युंके ३ वापरणाऱ्यांसाठी पाचव्या आवृत्तीतल्या गंभीर चुका सप्टेंबर २०३१ पर्यंत दुरुस्त केल्या जातील. जबाबदारी: माइते ओलागाराय.'

यामांडूने विचारलं, "म्हणजे आपण जिंकलो की हरलो?"

"माहीत नाही."

"एकतीस साली तू छत्तीस वर्षांची असशील. हे कोणासाठी, तर जो माणूस तुला पाणीसुद्धा विचारत नाही त्याच्यासाठी."

"त्याच्यासाठी नाही. अडतीस ओळींसाठी."

त्याला ते कळलं नाही. मलाही लिहिताना नीट कळत नाहीये. शेवटचा प्रश्न प्रोफेंनी विचारला, आणि तोही फोनवर: किती तास धरलेस? मी म्हटलं, वर्षाला पंचवीस. ते 'हं' म्हणाले. मी फोन ठेवला नाही. त्यांनीच ठेवला.

१५ नोव्हेंबर

आज तिकडे पाणी सुटलं असेल. इथे काहीच झालं नाही.

३ जानेवारी

सात आठवडे आज पूर्ण. तेचेराकडून काही नाही. दुरुस्तीच्या चाचण्या मी इथे एकशे वीस वेळा चालवल्या आहेत आणि एकशे वीस वेळा पास झाल्या आहेत. मागच्या चाचण्याही पास होत होत्या.

५ जानेवारी

काही नाही.

८ जानेवारी

दुपारी साडेबाराला संस्थेच्या फोनवर फोन केला. तो जेवायला शेडमध्ये आला होता. तोंडात घास होता.

"काय?"

"सात आठवडे होऊन गेले. आकडे थिजले का?"

"बासष्ट नाही थिजले."

"आणि एक?"

"एक थिजलं. चव्वेचाळीसावं. परवा, सकाळी दहाला."

मी क्रमांक आणि वेळ लिहून घेतली. विचारलं, त्या यंत्रात वेगळं काय आहे, चिप दुसरी आहे का, माप नीट लावलं होतं का, नोंद पाठवता येईल का.

"वेगळं काही नाही. त्याच्यात तुझं नवं घातलंच नव्हतं."

"राहून गेलं?"

"मुद्दाम ठेवलं जुनं. नाहीतर तुझ्या अडतीस ओळींनी काम केलं, की यंदा ऊन कमी होतं म्हणून आकडे थिजले नाहीत, हे कळणार कसं? एक तसंच ठेवायला लागतं." घास गिळल्याचा आवाज आला. "शिकवलं नाही का तुम्हाला कॉलेजात?"

शिकवलं होतं. पहिल्या वर्षी.

"पण मग ते दार उघडंच अडकलं असेल," मी म्हटलं. "मार्चपर्यंत तिथे माणूस लागणार. कोण उभं राहतंय?"

"मी. दुसऱ्या कोणाला कशाला सांगू," तो म्हणाला, आणि जेवण गार होतंय म्हणून फोन ठेवला.